मळ्यातील जुना गोठा राहते घर करण्यापूर्वी

कोल्हापूर जिल्ह्यातील मळ्यांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक पालट हळूहळू घडून आला आहे. ज्या गोठ्यात एके काळी चार बैल, दोन म्हशी आणि वर्षाची वैरण मावत असे, तो गोठा आज बहुधा रिकामा असतो. फार तर त्यात मोडका नांगर, खताची रिकामी पोती आणि कोंबड्यांची खुराडी आढळतात. उलटपक्षी गावठाणातील वडिलार्जित घर वाटण्या होऊन एका-एका खणावर आले आहे. एका सोप्यात तीन चुली पेटतात आणि पाहुणा आला म्हणजे त्यास कोठे निजवावे हा प्रश्न पडतो. अशा वेळी घरातील तरुण मंडळींचे लक्ष मळ्यातील गोठ्याकडे जावे, आणि त्याचेच राहते घर का करू नये असे त्यांच्या मनात यावे, हे अगदी स्वाभाविक आहे.

हा विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. भक्कम दगडी जोत्याचा, सागवानी मेढींचा आणि उंचवट्यावरील गोठा उत्तम घर होऊ शकतो. परंतु पुष्कळ शेतकरी बंधू या कामास भिंतीस गिलावा आणि दारास रंग देऊन आरंभ करतात आणि मग पस्तावतात. आमचे सांगणे असे की, गोठ्याच्या चार परीक्षा घ्याव्यात: जागेची, तळाची, भिंती-छपराची आणि कागदाची. यांतील पहिल्या किंवा शेवटच्या परीक्षेत गोठा उतरला नाही, तर मधल्या दोहोंवर एक पैसाही खर्च करू नये. लोक खर्च करतात तो नेमका मधल्या दोहोंवर, कारण त्या डोळ्यांना दिसतात. नुकसान होते ते मात्र पहिल्या आणि शेवटच्या परीक्षेकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

गोठे रिकामे का झाले

आपल्या जिल्ह्यात राधानगरीचे धरण, नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि त्यांवरील पाणी उपशाच्या योजना यांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. ऊस वाढला तशी प्रथम गुऱ्हाळे वाढली. पुढे 1950 नंतर वारणा, पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस तिकडे वळला. कोल्हापुरी गुळाचे नाव आजही मोठे आहे, त्यास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण हंगामभर चुलवाण पेटते ठेवणारे मजूर आणि जाणते गुळवे मिळणे कठीण झाल्याने कित्येक गुऱ्हाळघरे बंद पडून आहेत.

बैलांची कामे ट्रॅक्टरने घेतली. दूध-धंदा मात्र मोडला नाही. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, 1963 साली स्थापन झाल्यापासून म्हैस हे घरखर्चाचे साधन झाले. तथापि अलीकडे पुष्कळ दूध उत्पादक जनावरांस दावणीस न बांधता मुक्त संचार गोठ्यात मोकळे ठेवू लागले आहेत. त्यास नवी, उघडी आणि हवेशीर जागा लागते. जुना चार भिंतींचा अंधारा गोठा त्या कामी येत नाही. येणेप्रमाणे बैल गेले, म्हशी बाहेर आल्या आणि इमारत तेवढी मागे राहिली.

पहिली परीक्षा : जागा

पूर्वजांनी गोठा बांधला तो जनावरांच्या सोयीने. विहीर जवळ, ओढा जवळ, गवताचे कुरण जवळ, म्हणजे बहुतेक वेळा सखल भागी. पुराचे पाणी चढू लागले तर दावी सोडून जनावरे माळावर हाकता येत. संसार तसा हाकता येत नाही.

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे 39 फूट ही इशाऱ्याची आणि 43 फूट ही धोक्याची पातळी आहे. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पाणी 55 फुटांच्याही वर गेले. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांस त्याहून मोठा पूर येईल असे वाटत नव्हते, पण तो आला. तेव्हा पंचगंगा, वारणा, दूधगंगा, कृष्णा यांच्या काठच्या शेतकऱ्याने इतर काही करण्यापूर्वी या तिन्ही वर्षांच्या पाण्याच्या खुणा आपल्या गोठ्यावर शोधाव्यात. भिंतीवर खूण नसेल तर शेजारच्या झाडावर किंवा विजेच्या खांबावर वृद्ध मंडळींकडून दाखवून घ्यावी. त्या खुणेपेक्षा घराची जमीन वर नेता येत नसेल तर तेथे घर करू नये. गोठ्याचा गोठाच राहू द्यावा.

मातीच्या कच्च्या विटांची किंवा पांढऱ्या मातीची भिंत दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिली म्हणजे आतून विरघळते. पूर ओसरल्यावर ती वरून धडधाकट दिसते आणि ऊन लागून सुकताना अकस्मात खाली बसते. म्हणून जो मातीचा गोठा पुराच्या पाण्यात उभा होता त्यात माणसांनी निजणे धोक्याचे आहे, मग त्यास बाहेरून कितीही गिलावा केलेला असो.

करवीर तालुक्यातील चिखली आणि आंबेवाडी या गावांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथील लोकांसाठी 1989 च्या पुरानंतर सोनतळी येथे जागा देण्यात आली, तरीही कित्येक कुटुंबे मूळ जागीच राहिली. शेत आणि जनावरे ज्या बाजूस असतात त्याच बाजूस शेतकऱ्याचे पाऊल ओढले जाते. या ओढीस आम्ही दोष देत नाही. परंतु नवे घर करण्याची संधी आली असता तरी उंच जागा निवडावी.

जागेच्या परीक्षेत दुसरे पाहावयाचे ते वाट आणि पाणी. भर पावसाळ्यात गाडी मळ्यापर्यंत येते काय? रात्री अपरात्री आजारी माणसास नेता येईल काय? मुलांची शाळा किती दूर? पिण्याचे पाणी नळाचे की विहिरीचे? या प्रश्नांची उत्तरे पुरुषांनी चावडीवर बसून देऊ नयेत. ज्यांस त्या घरात दिवसभर एकटे राहावयाचे, पाणी भरावयाचे आणि सर्पाची भीती सोसावयाची, त्या घरच्या स्त्रियांस आधी विचारावे. मळ्यातील घर ओस पडले असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा त्याचे कारण बहुधा घर वाईट हे नसते. घरच्या बायकांचे मन तेथे रमले नाही हेच खरे कारण असते.

दुसरी परीक्षा : तळ

गोठ्याची जमीन ही माणसाच्या घराच्या जमिनीसारखी नसते. तीस-चाळीस वर्षे जनावरांचे मूत्र तिच्यात मुरलेले असते. त्यातील नत्राचे मातीत क्षार बनतात. जुन्या काळी सोरा करणारे लोक गोठ्याची आणि उकिरड्याची माती याचसाठी गोळा करीत. हे क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात, पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने फुलतात आणि दगडाचा पोपडा, विटेचा भुगा, गिलाव्याची पापडी काढतात. यासच आपण लोणा लागणे म्हणतो. फाल्गुन-चैत्रात गव्हाणीजवळच्या भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग पाहिला म्हणजे लोणा किती आहे ते स्पष्ट दिसते.

यावर सिमेंटचा गिलावा हा उपाय नव्हे. ओल बाहेर पडावयाची बंद होते, ती भिंतीतून आणखी वर चढते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पडतो. खरा उपाय तळ बदलणे हा होय. गोठ्यातील माती दीड ते दोन फूट खोल काढून टाकावी. काढताना भिंतीलगत एकदम चर खणू नये. जुन्या गोठ्यांचा पाया उथळ असतो आणि तो उघडा पडला तर भिंत सरकते. भिंतीपासून हातभर अंतर सोडून, एका वेळी एक खण याप्रमाणे काम करावे. नंतर दगडाची भर, तिच्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मस आणि त्यावर शहाबादी फरशी, असा क्रम ठेवावा.

काढलेली माती मात्र फेकून देऊ नये. ती उत्तम खत आहे. उन्हाळ्यात रानात पसरून दिली तर पुढच्या पिकास तिचा गुण दिसतो. आमचे वडीलधारे पांढरीची माती गाड्या भरून शेतात का नेत असत, याचे मर्म हेच होय.

माती बदलण्यास आणखी एक कारण आहे. शेणाच्या मातीत धनुर्वाताचे बीज वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि ते चुन्याच्या हाताने मरत नाही. रांगते मूल ज्या जमिनीवर खेळणार ती जमीन नवी असली पाहिजे. सारवण करून जुनी माती झाकणे म्हणजे रोग झाकणे होय.

तळ तपासताना पेवाचा शोध अवश्य घ्यावा. आपल्या भागात धान्य जमिनीखालील पेवात ठेवण्याची चाल होती. सांगलीनजीक हरिपूरची हळदीची पेवे तर दूरवर प्रसिद्ध होती. जुन्या इमारतीत असे एखादे पेव तोंड बुजवून विसरलेले असते. पहारीने जमीन ठोकीत गेल्यास पोकळ आवाजाने ते कळते. पेव सापडल्यास त्यात कोणासही एकदम उतरवू नये. आत जड विषारी हवा साचलेली असते आणि उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच मूर्च्छा येऊन पडतो. त्यास काढण्यास दुसरा उतरतो आणि तोही तसाच पडतो. तोंड उघडून कित्येक दिवस मोकळे ठेवावे आणि शक्य तर वरूनच दगड-मुरूम टाकून ते भरून काढावे.

तिसरी परीक्षा : भिंती व छप्पर

घराचे जोते सभोवतालच्या जमिनीपासून निदान 45 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावे असा बांधकामशास्त्राचा दंडक आहे. गोठ्याचे जोते बहुधा वीतभरच असते, कारण जनावरांस पायरी चढावयास लावता येत नाही. आता जमीन फूटभर उंच केली की छपराची उंची तितकीच कमी होते. राहत्या खोलीस सरासरी 2.75 मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट उंची असावी लागते. गोठ्याच्या वळचणीस माणूस वाकून शिरतो. म्हणजे छप्पर उचलणे आले. छप्पर उचलावयाचे तर भिंत वाढवावी लागते आणि भिंत वाढवावयाची तर पाया तो भार सोशील काय हे पाहावे लागते. एका फुटाच्या भरावातून हा सगळा खर्च निघतो. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी दोरी घेऊन ही मापे घ्यावीत आणि कागदावर हिशेब करावा.

भिंतीचा प्रकार तालुक्यागणिक निराळा असतो. गगनबावड्यास वर्षास 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर शिरोळात तो 500 च्या आसपास असतो. पश्चिमेकडे, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूस, जांभ्याचा दगड मिळतो. तो ओल पितो पण ती सोडतोही. अशा भिंतीस चुन्याचा गिलावा मानवतो. पूर्वेकडे काळा दगड आणि पांढऱ्या मातीची भिंत आढळते. मातीच्या भिंतीस माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा करून वर चुन्याचा हात द्यावा. सिमेंट तिच्याशी एकजीव होत नाही. मागे पोकळी राहते, त्या पोकळीत पाणी शिरते आणि भिंत आतल्या आत भुसभुशीत होते.

गोठ्यास खिडक्या नसतात, झरोके असतात. राहत्या खोलीस जमिनीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्यापासून सहाव्या हिश्श्यापर्यंत उघडी खिडकी असावी. कोरड्या हवेत दहावा हिस्सा पुरतो, दमट हवेत सहावा लागतो. उदाहरणार्थ, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीचे क्षेत्र 120 चौरस फूट झाले. तिला शिरोळकडे 12 चौरस फुटांची, म्हणजे चार फूट बाय तीन फुटांची एक खिडकी चालेल. तीच खोली बावड्यास असेल तर 20 चौरस फूट खिडकी हवी. जुन्या भिंतीत एवढे भगदाड पाडताना वर आधी आधार देऊन मगच खालचे दगड काढावेत. गवंड्याने घाई केली तर वरचा सगळा भार ढासळतो.

लाकडाची परीक्षा टोकदार पहारीने करावी. मेढीचा बुंधा जमिनीत असतो तेथे टोक सहज आत शिरले तर बुंधा कुजला आहे असे समजावे. वरचे लाकूड निकोप असल्यास मेढ टेकू देऊन धरावी, कुजका भाग कापून टाकावा आणि खाली दगडी तळखडा बसवावा. अशी मेढ पुन्हा पन्नास वर्षे उभी राहते. तुळया आणि वासे यांवर बोटाने ठोकून पाहावे. वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडाचा आवाज मडक्यासारखा येतो. मंगळुरी कौले सहसा टिकाऊ असतात. ती उतरवून, धुऊन, फुटकी वेगळी काढून पुन्हा चढवावीत. टिनाच्या पत्र्याखाली वैशाखात माणूस राहू शकत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. असे पत्रे करवतीने कापू नयेत किंवा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ते अखंड उतरवावेत आणि उतरवण्यापूर्वी ओले करावेत.

गोठ्याच्या एका कोपऱ्यात औषधे ठेवण्याची चाल असते. कीटकनाशके सांडून जेथे जमीन आणि भिंत पिवळी-काळी पडली असेल तेथील माती अधिक खोल काढावी. ही माती रानात पसरू नये आणि विहिरीपासून दूर पुरावी. ती जागा स्वयंपाकघरासाठी योजू नये.

बंद पडलेल्या गुऱ्हाळघराची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते उंच आणि हवेशीर असते हा गुण. पण त्यास भिंती थोड्या असतात, आणि चुलवाणाभोवतीची जमीन जळून राखेची आणि पोकळ झालेली असते. चुलवाणाचा खड्डा तळापासून साफ करून दगडाने भरल्याखेरीज त्यावर भिंत घेऊ नये. धुराडे ठेवावयाचे असल्यास त्याच्या विटा तपासाव्यात, नपेक्षा ते आधी उतरवावे. वादळात जुने धुराडे घरावर कोसळल्यास हानी मोठी होते.

येथे परदेशातील एक रिवाज सांगण्याजोगा आहे. इंग्लंडात 2014 पासून शेतीच्या जुन्या इमारतींचे राहते घर करण्यास काही अटींवर पूर्ण परवानगीवाचून मुभा आहे. पण तेथील एक अट फार मार्मिक आहे. इमारत मुळातच घर होण्याजोगी मजबूत असली पाहिजे. ती पाडून जवळजवळ नव्याने बांधावी लागत असेल, तर ते रूपांतर नव्हे, नवे बांधकाम होय, आणि त्यास ती मुभा लागू होत नाही. आपल्याकडे असा कायदा नसला तरी हा विवेक आपण घरी वापरावा. तळ, भिंती आणि छप्पर या तिहींपैकी दोन बदलावे लागत असतील तर जुना गोठा वाचवण्याचा हट्ट सोडावा. लाकूड, कौले आणि दगड उतरवून घ्यावेत आणि चांगल्या उंच जागी नवे घर बांधावे. जुन्या मालाचा उपयोग होतो आणि नव्या जोत्याचा फायदा मिळतो.

चौथी परीक्षा : कागद

आमचे आयुष्य महसूल दप्तरात गेले असल्याने या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. घर मजबूत असून ज्याने बांधले त्याच्या हातचे गेले अशी प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांतील एक नमुन्यादाखल देतो. दोन भावांचे गट एकत्र होते. गोठा वडिलांनी बांधलेला. थोरल्याच्या मुलाने नोकरीतील सर्व शिल्लक खर्चून त्या गोठ्याचे घर केले. तोंडी संमती सर्वांची होती. वडील वारल्यावर वाटणी झाली आणि गोठ्याचा गट धाकट्याच्या वाट्यास आला. मुलगा म्हणे, घर माझे. चुलता म्हणे, जमीन माझी. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. दावा वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी घरातील माणसे एकमेकांच्या लग्नकार्यास येईनाशी झाली.

यातून घ्यावयाचा धडा असा की, जमिनीवर पैसा खर्च केल्याने जमिनीची मालकी येत नाही. म्हणून प्रथम सातबारा काढावा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. बहिणींस विसरू नये. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क मिळाला आहे. गट सामाईक असेल तर आधी रीतसर वाटणी करावी, ती नोंदवावी, फेरफार मंजूर करून घ्यावा आणि मगच गोठ्यास हात लावावा. ‘भावाभावांत कागद कशाला’ असे म्हणणारे लोक भले असतात. परंतु कागद हा भावासाठी नसतो, भावाच्या पश्चात येणाऱ्यांसाठी असतो.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विकास संस्थेचा किंवा बँकेचा बोजा आहे काय, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची आहे काय, हेही पाहावे. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनाम जमिनी पुष्कळ आहेत. अशी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या ताब्यात असली तरी ती देवस्थानाची असते. तीवर पक्के घर करण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 2 मध्ये शेतघराची व्याख्या दिली आहे. अवजारे, खत, वैरण आणि शेतमाल ठेवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, तसेच जमीनधारकाच्या कुटुंबातील माणसे, त्याचे नोकर किंवा कुळे यांनी राहण्यासाठी शेतजमिनीवर उभारलेली इमारत ही सर्व शेतघरातच मोडते. कलम 41 प्रमाणे शेतकऱ्यास आपल्या जमिनीवर शेतघर बांधता येते. म्हणजे आपल्याच गोठ्यात आपल्याच कुटुंबाने राहणे हा त्या व्याख्येबाहेरचा प्रकार नव्हे. गोठा काय किंवा घर काय, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही शेतीच्या कामाचीच. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते आणि ते निष्कारण घाबरतात.

परंतु यास मर्यादा आहेत. शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या ठरावीक टापूत शेतघर बांधण्यास, तसेच असलेल्या शेतघरात फेरबदल किंवा वाढ करण्यास, 1986 च्या दुरुस्तीने पूर्वपरवानगी आवश्यक केली आहे, आणि तेथे जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे इमारतीच्या आकारासही बंधन आहे. कोल्हापूर शहराभोवतीची 42 गावे 2017 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आली आहेत. तेथील शेतकऱ्याने प्राधिकरणाकडे चौकशी केल्यावाचून एक वीटही हलवू नये. इतर गावीही ग्रामपंचायतीस अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. शेतघर हे जमीनधारकाच्या कुटुंबासाठी, नोकरांसाठी आणि कुळांसाठी होय. तेच घर परक्या माणसास भाड्याने दिले, किंवा त्यात दुकान थाटले, तर उपयोग शेतीचा राहत नाही आणि बिनशेतीचे नियम लागू होतात. शहरातील पाहुण्यांस पैसे घेऊन उतरवण्याचा विचार असेल तर शासनाचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण पाहावे आणि त्याप्रमाणे नोंदणी करावी. बिनशेतीचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत. तेव्हा शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. आपल्या गावच्या तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यास आजचा नियम विचारावा.

काही गैरसमज येथेच दूर करतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव लागले आणि घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. ती कराची नोंद आहे. ड्रोनने मोजणी होऊन मिळणारी स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका गावठाणातील घरांस आहे. मळ्यातील घरास ती मिळेल या आशेवर बसू नये. शेतीपंपाच्या वीजजोडावरून घरात दिवे लावणे हा गुन्हा होतो. घरगुती मीटर वेगळा घ्यावा आणि त्याचे बिल जपून ठेवावे.

जनावरांचे काय

एवढे सर्व जमले तरी एक प्रश्न उरतो. गोठ्याचे घर झाल्यावर उरलेल्या दोन म्हशी, वैरण, बियाणे आणि अवजारे कोठे जाणार? पुष्कळ ठिकाणी घर होते आणि म्हशी त्याच घराच्या भिंतीस छपरी काढून बांधल्या जातात. मग माशा, डास, गोचीड आणि दुर्गंधी घरात येतात, आणि पाण्याची डबकी साचून माणसास ताप जडतो. राहते घर आणि जनावरे यांत निदान तीस-चाळीस फुटांचे अंतर असावे आणि वाऱ्याची दिशा पाहून जनावरे खालच्या अंगास असावीत. उकिरडा आणि शौचालयाचे शोषखड्डे पिण्याच्या विहिरीपासून 10 मीटरांहून जवळ नसावेत. फुटक्या मुरमाच्या किंवा खडकाळ जागी हे अंतर याहून बरेच वाढवावे. वैरणीची गंजी घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर रचावी. एक ठिणगी वर्षाची वैरण आणि घर दोन्ही खाऊन टाकते.

म्हणून घराच्या खर्चाच्या हिशेबात नव्या छोट्या गोठ्याचा खर्च पहिल्याच ओळीत धरावा. तो धरल्यावर बेरीज आवाक्याबाहेर गेली तर मनात समजावे की, जुना गोठा आपण समजतो तसा रिकामा नाही, तो अजून शेतीच्या कामी येत आहे. घर करण्याच्या हौसेत म्हशी विकून टाकणाऱ्यास दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे पैसे मुकावे लागतात, आणि मग नव्या घराच्या कर्जाचा हप्ता फेडण्याचे साधनच राहत नाही.

कामाचा क्रम

कोणत्याही शेतकऱ्याने या कामास एक पूर्ण वर्ष द्यावे असे आम्ही सुचवतो. आषाढ-श्रावणात गोठा आहे तसाच रिकामा ठेवून पाहावा. पाणी कोठून गळते, जमिनीतून ओल किती वर येते, ओढ्याचे पाणी कोठवर चढते, वाट चालू राहते की नाही, हे पावसाळा फुकटात सांगतो आणि ते कोणताही इंजिनिअर एका भेटीत सांगू शकत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सर्व भाऊबंद घरी येतात, तेव्हा वाटणीची आणि संमतीची बोलणी करून कागद पुरे करावेत. सुगी आटोपल्यावर तळ काढावा. माघ ते वैशाख या महिन्यांत भिंती आणि छप्पर करावे, म्हणजे चुना आणि माती नीट सुकतात. पहिल्या पावसापूर्वी कौले चढलेली असावीत.

ज्या गोठ्याने दोन-तीन पिढ्या जनावरांस सांभाळले, तो जागेचा, तळाचा, भिंतीचा आणि कागदाचा चांगला निघाला तर माणसांसही सांभाळील. तसा निघाला नाही तर त्यास मोडून त्याचे दगड-लाकूड घ्यावे. मात्र जो निर्णय घ्यावयाचा तो परीक्षा घेऊन घ्यावा, शेजाऱ्याचे नवे घर पाहून घेऊ नये, इतकेच आमचे आमच्या शेतकरी बंधूंस सांगणे आहे.